वीस अँपिअरचा सांधा

शंभर वॅटचा हॅम रेडिओ १३.८ व्होल्टवर चालतो आणि ट्रान्समिट करताना वीस ते तेवीस अँपिअर करंट ओढतो. घरातला ७५० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या आसपास भागवून नेतो. व्होल्टेज जितके कमी, तितका त्याच कामासाठी करंट जास्त. म्हणूनच घरच्या वायरिंगमध्ये वर्षानुवर्षे निमूट चालणाऱ्या प्रकारची जोडणी बारा व्होल्टच्या टेबलावर काही मिनिटांत हाताला चटका देऊ लागते. हॅम रेडिओ असो, थ्रीडी प्रिंटरचा तापणारा बेड असो, ड्रोनची लिथियम बॅटरी असो की गच्चीवरच्या सोलर पॅनेलने भरणारी बॅटरी. या सगळ्या हौसेच्या कामांत दुबळी जागा बहुधा एकच असते, दोन तारा जिथे जुळतात तो सांधा. उपकरणावर हजारो रुपये खर्च होतात, कनेक्टर मात्र ड्रॉवरमध्ये हाताला लागेल तो लावला जातो.

या निष्काळजीपणाची किंमत कशी चुकवावी लागते, हे हौशी मंडळींच्या एका नेहमीच्या तक्रारीवरून कळते. रेडिओ ऐकताना अगदी ठीक चालतो. माइकचे बटण दाबून बोलायला सुरुवात केली की डिस्प्ले मंदावतो आणि सेट बंद पडतो. पॉवर सप्लायचा मीटर तर १३.८ दाखवत असतो. संशय आधी रेडिओवर, मग सप्लायवर जातो. दुरुस्तीच्या दुकानाच्या फेऱ्या होतात आणि तिथे दुसऱ्या केबलवर सेट बिनतक्रार चालतो. ऐकताना रेडिओ एखादाच अँपिअर घेतो, त्यामुळे सांध्यातला दोष झाकलेला राहतो. करंट वीसपट झाला की सांध्यावरची घटही वीसपट होते. असे बहुतेक सेट १३.८ व्होल्टच्या वरखाली १५ टक्के एवढाच फरक सहन करतात, म्हणजे खालची मर्यादा ११.७ व्होल्ट. बॅटरी साडेबारावर असेल आणि वाटेत एक व्होल्ट गळाला, तर सेट बंद पडणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

हिशेब सोपा आहे. सांध्याचा रोध एक मिलिओहम असेल, तर वीस अँपिअरला त्यावर २० मिलिव्होल्टची घट होते आणि ०.४ वॅट उष्णता निर्माण होते. हे कोणाच्या लक्षातही येत नाही. रोध दहा मिलिओहम झाला तर घट ०.२ व्होल्ट आणि उष्णता चार वॅट. पन्नास मिलिओहमला पूर्ण एक व्होल्ट जातो आणि वीस वॅट उष्णता सुटते. वीस वॅट म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नची ताकद, आणि ती अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या घरात कोंडलेली. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दहा अँपिअरला जेमतेम कोमट होणारा कनेक्टर वीस अँपिअरला चौपट तापतो. ‘दहाला चालला, वीसलाही चालेल’ हा तर्क इथेच फसतो. आणखी एक गोष्ट: पन्नास मिलिओहम साध्या मल्टिमीटरला ओहमच्या रेंजवर दिसतच नाहीत. प्रोबच्या तारांचाच रोध त्याहून जास्त असतो. कंटिन्युइटीचा बझर वाजला म्हणजे सांधा चांगला, असे समजण्यात काही अर्थ नाही.

हा रोध येतो कुठून? दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी ते प्रत्यक्षात मोजक्या उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात, आणि सारा करंट त्या सूक्ष्म बिंदूंतून वाट काढतो. विद्युत संपर्कांचा पायाभूत अभ्यास करणाऱ्या राग्नार होल्म यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे गणित मांडले. त्याचे व्यवहारातले सार असे की सांध्याची गुणवत्ता धातू किती जाड आहे यापेक्षा तो किती जोराने दाबला गेला आहे आणि किती स्वच्छ आहे यावर ठरते. स्प्रिंगचा दाब घटला की टेकणारे बिंदू कमी होतात, रोध वाढतो, उष्णता वाढते, उष्णतेने स्प्रिंगचा ताण आणखी उतरतो आणि कथिलाच्या मुलाम्यावर ऑक्साइड चढतो. एकदा हे चक्र सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही. प्लॅस्टिक वितळून पिन कलते तेव्हाच शेवट होतो. त्यामुळे तपकिरी पडलेला कनेक्टर घासूनपुसून पुन्हा वापरण्यात शहाणपण नाही. त्याची स्प्रिंग गेलेली असते, आणि ती घासून परत येत नाही.

पाकिटावरचा अँपिअरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. तो आकडा विशिष्ट जाडीची तार जोडून, उघड्या हवेत, तापमान ठरावीक अंशांनीच वाढेल अशा बेताने काढलेला असतो. ड्रोनवाल्यांमध्ये सर्वत्र दिसणारा पिवळा एक्सटी-६० घ्या. नावातल्या ६० मुळे तो साठ अँपिअरचा समजला जातो. मूळ उत्पादक अमासच्या माहितीपत्रकात मात्र सलग करंट ३० अँपिअर आहे. ६० हा क्षणिक आकडा. त्याचा धाकटा भाऊ एक्सटी-३० सलग पंधरा अँपिअरचा. ड्रोनची मोटर क्षणभर झेप घेते, वरून पंख्याचा वारा असतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत उड्डाण संपते. तिथे क्षणिक आकड्यावर भागते. बंद डब्यात तासन्‌तास चालणाऱ्या कामाला सलगचाच आकडा धरायचा, आणि तोही दोन-तृतीयांशापुरता. विदर्भात मे महिन्यात खोलीचे तापमानच चाळिशीच्या पुढे असते. त्यावर कनेक्टरची स्वतःची तीस अंशांची वाढ चढली की सत्तरी गाठली जाते, आणि उन्हात उभ्या मोटारीत त्याहूनही पुढे.

काम सलग आहे की तुटक, हाही प्रश्न आधीच विचारावा लागतो. एसएसबी या ध्वनी पाठवण्याच्या पद्धतीत बोलताना करंट आवाजाबरोबर वरखाली होतो आणि त्याची सरासरी कमालीहून बरीच खाली राहते. २०१७ मध्ये आलेल्या एफटी-८ या डिजिटल पद्धतीत मात्र सेट दर खेपेला साडेबारा सेकंदांहून अधिक काळ पूर्ण जोराने ट्रान्समिट करतो, आणि हे एकाआड एक पंधरा सेकंदांच्या खेपांत तासभर चालू शकते. वर्षानुवर्षे बोलण्यासाठी निर्धोक ठरलेला कनेक्टर एफटी-८ सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात मऊ पडला, तर त्यात कनेक्टरने अचानक काही वेगळे केलेले नसते. एफएमवर लांबलचक बोलणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

एक पिन अपुरी पडते म्हणून दोन किंवा चार पिना समांतर जोडण्याची युक्ती वरवर बिनचूक वाटते. करंट पिनांमध्ये समान वाटला जाईल, अशी तिच्यामागची अपेक्षा असते. प्रत्यक्षात ज्या पिनेचा रोध कमी तिच्यातून जास्त करंट जातो. एक पिन सैल झाली की तिचा वाटा बाकीच्यांवर पडतो. २०२२ मध्ये संगणकांच्या ग्राफिक्स कार्डांसाठी आलेला सोळा पिनांचा कनेक्टर याचे जगभर गाजलेले उदाहरण आहे. बारा व्होल्टवर ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, आणि ते वाहायला सहा पिना. प्रत्येकीच्या वाट्याला ८.३ अँपिअर, तर पिनेची क्षमता सुमारे साडेनऊ. एवढ्या तुटपुंज्या राखीव क्षमतेवर प्लग जरा अपुरा बसला तरी पिना तापल्या आणि कनेक्टर वितळले. २०२३ च्या सुधारित रचनेत प्लग पूर्ण बसला की नाही हे ओळखणाऱ्या पिना आखूड केल्या गेल्या, म्हणजे अर्धवट बसलेल्या प्लगमधून पूर्ण शक्ती मागितली जाऊ नये. मोठ्या कंपन्यांच्या हातून निसटलेली ही गोष्ट घरगुती टेबलावर नक्कीच निसटेल. एकाच पिनेला सगळा भार पेलेल असा कनेक्टर घ्यावा, हे उत्तम.

आता प्रकारांकडे. अडॅप्टरचा गोल डीसी जॅक ५.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि बहुधा पाच अँपिअरपर्यंतच भरवशाचा. त्यात आतली पिन २.१ आणि २.५ मिलिमीटर अशा दोन मापांत येते, २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर बसतो, पण सैल, आणि तोच सैलपणा पुढे तापतो. मोटारीतल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमागचा फ्यूज बहुधा दहा ते वीस अँपिअरचा असतो आणि प्लगच्या टोकाची स्प्रिंग नाजूक. हातात धरायच्या सेटच्या चार्जरपलीकडे त्यावर भरवसा ठेवू नये. चार मिलिमीटरचे बनाना प्लग प्रयोगापुरते ठीक, पण ते उलटे खोचले जातात आणि एका झटक्यात प्लस-मायनसची अदलाबदल होते. घरातल्या तीन पिनी प्लग-सॉकेटचा बारा व्होल्टसाठी वापर करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. स्वस्त, मजबूत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी ही वस्तू असली तरी या कामासाठी ती कायमची वर्ज्य मानली पाहिजे. घरातले कोणीतरी तो प्लग एक दिवस २३० व्होल्टमध्ये खोचणारच, आणि तेव्हा सेटबरोबर माणूसही धोक्यात येतो.

हॅम मंडळींनी जगभर ज्याला पसंती दिली तो अमेरिकेतल्या अँडरसन पॉवर प्रॉडक्ट्सचा पॉवरपोल. त्याची खुबी अशी की त्यात नर-मादी हा भेदच नाही; दोन्ही बाजू सारख्या, कोणतेही टोक कोणत्याही टोकाला जुळते. अमेरिकेतल्या आणीबाणीत संदेशवहन करणाऱ्या हॅम स्वयंसेवकांच्या ‘एरेस’ या संघटनेने तो प्रमाण मानला, कारण पुराच्या छावणीत एकाची बॅटरी आणि दुसऱ्याचा सेट अडॅप्टर न शोधता जोडता यावा. त्यांची मांडणी पाळण्यासारखी आहे: कनेक्टरच्या तोंडाकडून पाहताना त्याच्या प्लॅस्टिकची पुढे आलेली जीभ खाली ठेवली, तर लाल डावीकडे आणि काळा उजवीकडे. याच्या उलट जुळवलेला संच वरवर पाहता सारखाच वाटतो, म्हणून केबल तयार झाल्यावर दोघांनी मिळून तपासावी. पंधरा, तीस आणि पंचेचाळीस अँपिअरचे कॉन्टॅक्ट एकाच मापाच्या प्लॅस्टिकच्या घरात बसतात. सांध्याचा रोध एक मिलिओहमच्या आत राहतो. उणीव एकच: त्याला कुलूप नाही, केवळ घर्षणावर तो टिकतो. हालणाऱ्या केबलला क्लिप किंवा केबल टाय हवाच. दोन घरे जोडण्यासाठी मध्ये धातूची गुंडाळी-पिन घालतात, ती कालांतराने सरकून नको तिथे टेकू शकते. तिच्याऐवजी गोंदाचा एक थेंब बरा, फक्त तो कॉन्टॅक्टपर्यंत ओघळू द्यायचा नाही.

एक्सटी-६० आणि त्याचा थोरला भाऊ एक्सटी-९० लहान आकारात भरपूर काम देतात आणि उलटे बसत नाहीत. मात्र त्यांत नर-मादी आहे, आणि बॅटरीच्या बाजूला नेहमी मादीच लावायची, म्हणजे जिवंत धातू उघडा राहत नाही. हा नियम एकाच टेबलावर दोघांनी दोन तऱ्हेने पाळला की उघड्या पिनांच्या बॅटरीचा जन्म होतो. पन्नास अँपिअरच्या पुढे अँडरसनचीच एसबी मालिका आहे: एसबी-५०, १२०, १७५. तिचे रंग शोभेसाठी नाहीत. पिवळा १२ व्होल्टचा, लाल २४ चा, करडा ३६ चा, निळा ४८ चा, आणि एका रंगाचा प्लग दुसऱ्या रंगात सहसा शिरतच नाही. घरात बारा आणि चोवीस व्होल्ट दोन्ही असतील, तर हा बंदोबस्त लेबलापेक्षा कितीतरी विश्वासाचा. जिथे जोडणी वर्षानुवर्षे उघडायचीच नाही, तिथे कनेक्टर नकोच. तारेच्या टोकाला लग, म्हणजे भोकाची धातूची पट्टी, क्रिंप करून बोल्टने आवळावा. त्यात लग थेट टर्मिनलला टेकला पाहिजे. लोखंडी वॉशर दोघांच्या मध्ये घालणे ही सर्रास होणारी चूक आहे. वॉशरची जागा नटखाली.

कनेक्टरइतकाच विचार तारेचा. आपल्या दुकानांत तार चौरस मिलिमीटरमध्ये मिळते, कनेक्टरच्या पत्रकात मात्र अमेरिकन गेज असते. १२ गेज म्हणजे ३.३ चौरस मिलिमीटर, १० गेज म्हणजे ५.३. त्यामुळे चारची तार तीस अँपिअरच्या पॉवरपोल कॉन्टॅक्टमध्ये नीट जात नाही, पंचेचाळीसच्या कॉन्टॅक्टमध्ये व्यवस्थित बसते. आत जात नाही म्हणून चार-दोन बारीक तारा छाटणे हे सर्वांत वाईट. दोन मीटरच्या केबलमध्ये करंटला जाऊन-येऊन चार मीटर प्रवास असतो. लवचीक अडीचच्या तारेत वीस अँपिअरला सुमारे ०.६४ व्होल्ट जातात, चारच्या तारेत ०.४, सहाच्या तारेत ०.२६. शंभर वॅटच्या सेटला दोन मीटरपर्यंत चारची तार पुरेशी, त्याहून लांब असेल तर सहाची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार ओळखायला सोपी आहे: एक बारीक तार चाकूने खरवडली की आत पांढरी चमक दिसते. तिचा रोध जास्त आणि क्रिंपखाली ती हळूहळू सैल पडते. अशी तार परत करावी.

जोडणी क्रिंपची की सोल्डरची, यावर हौशी मंडळी हिरिरीने वाद घालतात. कनेक्टर ज्यासाठी घडवला आहे ते करणे, एवढेच त्याचे उत्तर. पॉवरपोलचा कॉन्टॅक्ट क्रिंपसाठी आहे. योग्य साच्याच्या क्रिंपरने दाबला की तारा आणि धातू हवाबंद एकजीव होतात. पक्कडीने चेपला तर कॉन्टॅक्ट वाकतो आणि घरातल्या पोलादी स्प्रिंगवर जसा तरंगायला हवा तसा तरंगत नाही. त्यात सोल्डर ओतले तर ते तारेच्या आत दूरवर चढते, तार तिथे काडीसारखी ताठ होते आणि हलत्या केबलमध्ये नेमकी त्याच कडेला तुटते. कॉन्टॅक्ट घरात सरकवताना ‘टिक्’ असा आवाज आला नाही, तर तो बसलेला नाही. तार मागे ओढून पाहावी. एक्सटी-६० मात्र सोल्डरसाठी आहे. त्याला जोरकस आयर्न आणि थोडाच वेळ लागतो. कमकुवत आयर्न मिनिटभर टेकवून ठेवले की नायलॉन मऊ होऊन पिन तिरपी होते. सोल्डर करताना त्याचा जोडीदार त्यात खोचून ठेवला, तर पिना जागच्या हलत नाहीत. स्क्रूच्या टर्मिनल ब्लॉकमध्ये सोल्डरने माखलेली तार कधीच घालायची नाही. दाबाखाली सोल्डर सावकाश पसरते, स्क्रू सैल होतो, आणि बारा व्होल्टच्या स्वस्त थ्रीडी प्रिंटरांचे बेडचे कनेक्टर काळे पडण्यामागे अनेकदा हेच कारण निघाले. तिथे तारेच्या टोकावर फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून लावावी.

डीसीमध्ये ठिणगीचा विचार वेगळा. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीला तो विसावा नाही. बारा व्होल्टला ठिणगी फार लांबत नाही, पण कॉन्टॅक्टवरचा मुलामा प्रत्येक वेळी थोडा जाळतेच. म्हणून आधी सेट बंद, मग प्लग. अठ्ठेचाळीस व्होल्टला ठिणगी टिकून राहू शकते, आणि सोलर पॅनेलचे एमसी-४ कनेक्टर चालू करंटवर उघडू नयेत ही सूचना प्राणपणाने पाळण्यासारखी आहे. मोठे कपॅसिटर असलेल्या कंट्रोलरना जोडताना उसळणाऱ्या करंटसाठी एक्सटी-९० ची ‘एस’ ही आवृत्ती आहे; तिच्यातला छोटा रोधक आधी टेकतो, मुख्य पिन नंतर.

फ्यूज हा कनेक्टरचा विषय वाटत नाही, पण त्याच्याशिवाय उत्तम कनेक्टरही आगीला कारण होतो. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात, तारेला जपेल एवढ्या मापाचा असावा. शंभर वॅटच्या सेटला पंचवीस किंवा तीस अँपिअरचा. चांगल्या स्थितीतला ब्लेड फ्यूज पूर्ण करंटला शंभर मिलिव्होल्टच्या आसपास स्वतःच खातो, आणि त्याचा स्वस्त होल्डर बऱ्याचदा सगळ्या केबलमधली सर्वांत तापलेली जागा असतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एकाच नमुन्याचे खरे आणि नकली कनेक्टर शेजारी शेजारी मिळतात. नकली ओळखण्याची खूण दाबात आहे. जोडी जुळवून पाहावी. चांगली जोडी ठाम बसते आणि काढताना जोर लागतो. सैल वाटली तर स्वस्ताईच्या मोहात पडू नये. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट घ्यावेत. चांदी काळवंडली तरी तिचा थर मऊ असतो आणि जुळवताना खरवडला जातो. कथिलावरचा थर बारीक थरथरीने वाढतच जातो. एका बाजूला सोने आणि दुसऱ्या बाजूला कथिल, अशी जोडी जमवू नये. साफसफाई आयसोप्रोपिल अल्कोहोलने; पॉलिश पेपरने मुलामाच निघून जातो.

नव्या केबलची परीक्षा मिलिव्होल्टनेच करायची. सेटला अँटेनाऐवजी डमी लोड (शक्ती शोषणारा रोधक) जोडून पूर्ण शक्तीवर सलग कॅरिअर सोडावा आणि मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून एक प्रोब कनेक्टरच्या अलीकडच्या तारेला, दुसरा पलीकडच्या तारेला टेकवावा. वीस अँपिअरला दहा ते वीस मिलिव्होल्ट आले तर सांधा उत्तम आहे. पन्नासला क्रिंप पुन्हा तपासावा. शंभरला, म्हणजे दोन वॅटला, कनेक्टर कापून टाकावा. प्लस आणि मायनस दोन्ही बाजू मोजाव्यात. मायनसची बाजू नेहमी विसरली जाते आणि दोष अनेकदा तिथेच असतो. मग दहा मिनिटे भार चालू ठेवून पुन्हा मोजावे. आकडा चढत असेल तर स्प्रिंगचा दाब अपुरा आहे. आलेले आकडे केबलला टेप लावून त्यावर तारखेसह लिहून ठेवावेत आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा त्याच भाराला मोजावे.